भित्रा गॉडफ्रे, शूर गॉडफ्रे

मे १९४०. हिटलरच्या फौजा फ्रान्समध्ये मुसंडी मारत होत्या. ब्रिटनचे युद्धमंत्री अँथनी ईडन यांनी १४ मे रोजी रेडिओवरून आवाहन केलं, की सैन्यात नसलेल्या १७ ते ६५ वयाच्या पुरुषांनी आपापल्या भागाच्या रक्षणासाठी नावं नोंदवावीत. लाखोंनी नोंदवली. सुरुवातीला ना धड गणवेश, ना पुरेशा बंदुका. हेच पुढचं ‘होम गार्ड’.

जिमी पेरी किशोरवयात या दलात होते. त्या अनुभवावर त्यांनी डेव्हिड क्रॉफ्ट यांच्यासोबत ‘डॅड्स आर्मी’ ही विनोदी मालिका लिहिली. बीबीसीवर १९६८ ते १९७७ या काळात तिचे ८० भाग झाले.

समुद्रकाठच्या एका काल्पनिक गावातली ही तुकडी. बँकेचा मॅनेजर मॅनरिंग स्वतःच कॅप्टन होऊन बसतो. त्याच्या हाताखालचा कारकून विल्सन सार्जंट होतो. पण घराणं, शिक्षण आणि रुबाब यांत तो साहेबापेक्षा वरचढ. मॅनरिंगला हे सतत सलतं आणि इंग्रजी समाजातली वर्गाची उतरंड प्रत्येक प्रसंगात उघडी पडते. खाटीक जोन्स इतरांना घाबरू नका म्हणून ओरडतो आणि स्वतःच सर्वांत जास्त गडबडतो.

या मालिकेचं मर्म मला ‘ब्रँडेड’ या १९६९च्या भागात सापडतं. मृदू स्वभावाचा म्हातारा गॉडफ्रे कबूल करतो, की पहिल्या महायुद्धात त्याने शस्त्र हाती घ्यायला नकार दिला होता. बहुतेक सहकारी त्याच्याशी तुटकपणे वागू लागतात. मग धुराने भरलेल्या झोपडीत शिरून तोच मॅनरिंगला वाचवतो. नंतर कळतं, की जखमींना उचलून आणणाऱ्या पथकात असताना त्याने गोळीबारात शिरून माणसं वाचवली होती आणि त्यासाठी त्याला पदक मिळालं होतं.

ही भूमिका करणारे आर्नल्ड रिडली १९१६ मध्ये सोमच्या लढाईत जबर जखमी झाले होते. तुकडीतल्याच फ्रेझरची भूमिका साकारणारे जॉन लॉरी पहिल्या महायुद्धात लढले होते. जोन्स झालेले क्लाइव्ह डन दुसऱ्या महायुद्धात ग्रीसमध्ये पकडले गेले आणि जर्मनांचे कैदी झाले. धैर्याचं मोल या नटांनी स्वतः चुकवलेलं होतं.

म्हणून इथे माणसांच्या बढाया, हेवेदावे आणि फजित्या मनसोक्त हसवतात, पण त्यांच्या देशप्रेमाची टिंगल होत नाही. शत्रू खरोखर आला असता तर हे वेंधळे लोक जागचे हलले नसते, याबद्दल मालिका आपल्या मनात शंका उरू देत नाही. ज्यांच्यावर आपण हसतो त्यांचाच आदर वाटायला लावणं ही विनोदाची फार मोठी कामगिरी आहे.