काळ्या स्क्रीनवरचे टेसरॅक्ट: जुन्या संगणकांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

छापील मराठी पानाचा फोटो द्यावा आणि त्यातला मजकूर टाइप केल्यासारखा फाइलमध्ये मिळावा, हे काम टेसरॅक्ट नावाचे साधन फुकट करते. एकदा बसवले की त्याला इंटरनेटही लागत नाही. किनवट तालुक्यात याचे मोल फार आहे. शाळांच्या स्मरणिका, संस्थांचे जुने छापील अहवाल, वाचनालयातली पाने सुटलेली पुस्तके पुन्हा टाइप करायला इथे माणसे कुठून आणायची? जिल्ह्याचे ठिकाण नांदेड शंभर किलोमीटरहून जास्त लांब आणि आदिलाबाद जवळ असले तरी दुसऱ्या राज्यात. त्यामुळे कुणीतरी आपल्या लॅपटॉपवर टेसरॅक्ट बसवतो, त्याचे फोल्डर पेनड्राइव्हवर घेतो आणि ते इस्लापूर, बोधडी, मांडवीकडच्या शाळांपर्यंत हातोहात जाते. तिथल्या जुन्या संगणकावर ते अडते आणि मग ‘आपल्याकडे हे व्हायचे नाही’ असा निकाल दिला जातो. हा निकाल बहुतेक वेळा चुकीचा असतो.

‘संगणक जुना आहे, त्याला हे झेपणार नाही’

टेसरॅक्टचा जन्मच मुळी अगदी अशक्त यंत्रांच्या काळातला. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या प्रयोगशाळेत १९८५ ते १९९४ या काळात ते घडले, २००५ साली सर्वांसाठी खुले झाले आणि पुढच्या वर्षापासून गूगलने त्याच्या विकासाला हातभार लावला. २०१८ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत न्यूरल नेटवर्क आले आणि काम जड झाले हे खरे. पण आकडे पाहा. ए-फोर पान ३०० डीपीआयने काळ्या-पांढऱ्या छटांत स्कॅन केले, तर मेमरीत त्या चित्राला साधारण नऊ एमबी जागा लागते. दोन जीबी रॅमच्या संगणकाला ही अडचण नव्हे. प्रोसेसर नव्या सूचना जाणत नसेल, तर टेसरॅक्ट ते स्वतः तपासून साध्या मार्गाने काम करते. पानाला वेळ जास्त लागेल, एवढेच.

अडचण वेगळीच असते: ३२ बिट की ६४ बिट. विंडोजसाठीचे टेसरॅक्ट जर्मनीतल्या मानहाइम विद्यापीठाचे ग्रंथालय तयार करून देते, आणि त्याचे नवे इन्स्टॉलर ६४ बिटचे असतात. ३२ बिटच्या विंडोज ७ वर ते टाकले की ‘ही आवृत्ती तुमच्या विंडोजशी जुळत नाही’ असा संदेश येतो. त्याचा अर्थ यंत्र निकामी आहे असा नाही, इन्स्टॉलर चुकीचा निवडला आहे. ‘कम्प्युटर’वर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘सिस्टम टाइप’ पाहा आणि ३२ बिट असेल तर जुना ३२ बिटचा इन्स्टॉलर घ्या. हे पाहायला मिनिटही लागत नाही, तरी ते कुणी पाहत नाही याचे मला वाईट वाटते.

‘फोल्डर कॉपी केले म्हणजे बसवून झाले’

सगळ्यात जास्त माणसे इथे अडतात, म्हणून जरा सविस्तर. काळ्या स्क्रीनवर, म्हणजे विंडोजच्या ‘कमांड प्रॉम्प्ट’वर, टेसरॅक्ट असे टाइप केले आणि ‘हा आतला किंवा बाहेरचा कमांड म्हणून ओळखता येत नाही’ असे उत्तर आले, तर प्रोग्राम बिघडलेला नसतो. विंडोजला तो कुठे ठेवला आहे हेच ठाऊक नसते. विंडोज ज्या ठिकाणी शोध घेते त्यांची यादी ‘पाथ’ नावाच्या सेटिंगमध्ये असते आणि त्यात आपल्या फोल्डरचा पत्ता घालावा लागतो. तो घालताना आधीचा मजकूर पुसू नका, शेवटी अर्धविराम देऊन पुढे जोडा. काही जण यासाठी ‘सेटएक्स’ कमांड वापरतात. ती १०२४ अक्षरांपुढचा भाग छाटून टाकते आणि मग दुसरेच प्रोग्राम बंद पडतात. पत्ता घातल्यावर उघडी असलेली काळी स्क्रीन बंद करून नवी उघडा, कारण जुनीला हा बदल कळत नाही.

दुसरा संदेश येतो तो डीएलएल फाइल सापडत नसल्याचा. लगेच कुठल्यातरी संकेतस्थळावरून ती एकटी फाइल उतरवून सिस्टम फोल्डरमध्ये टाकायची, ही सवय घातक आहे. विषाणू आत येण्याची ती उघडी वाट आहे. नावात ‘व्हीसीरनटाइम’ किंवा ‘सीआरटी’ दिसले तर मायक्रोसॉफ्टचे ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल’ बसवावे. विंडोज ७ वर त्याआधी सर्व्हिस पॅक १ असावा लागतो. सीआरटीसाठी केबी २९९९२२६ हे अपडेटही आहे. दोन्ही फाइली एकदाच उतरवून त्याच पेनड्राइव्हवर ठेवल्या, तर पुढच्या शाळेत इंटरनेट नसले तरी चालते.

तिसरा संदेश भाषेचा. टेसरॅक्ट सुरू होते, इंग्रजी वाचते, पण मराठी म्हटले की फाइल उघडता येत नाही म्हणते. मराठीसाठी एम-ए-आर या अक्षरांनी सुरू होणारी वेगळी फाइल ‘टेसडेटा’ फोल्डरमध्ये लागते. ती आहे आणि तरीही चालत नाही, अशी तक्रार आली तर फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा. वाचता येणाऱ्या इंग्रजी खुणा दिसल्या, तर फाइलऐवजी तिचे वेबपान सेव्ह झाले आहे. या फाइलींचे ‘फास्ट’ आणि ‘बेस्ट’ असे संच आहेत. जुन्या संगणकावर मी ‘फास्ट’च वापरायला सांगेन.

‘चौकोन दिसतात, म्हणजे मराठी येत नाही’

जुन्या विंडोजच्या काळ्या स्क्रीनला देवनागरी नीट दाखवता येत नाही. जोडाक्षरे, वेलांट्या तिला जुळवता येत नाहीत आणि तिच्या नेहमीच्या फॉन्टमध्ये ही अक्षरेच नसतात. निकाल मात्र युनिकोड फाइलमध्ये नीट लिहिलेला असतो. ती नोटपॅडमध्ये उघडा. तिथेही गडबड दिसली तर उघडताना ‘एन्कोडिंग’मध्ये यूटीएफ-८ निवडा. उलट, फोटोच्या फाइलीचे नाव देवनागरीत ठेवले तर विंडोजवर टेसरॅक्टला अनेकदा ती सापडत नाही. नाव इंग्रजी अक्षरांत आणि जागा न सोडता ठेवावे.

‘लॅबच्या मुख्य संगणकावर ठेवले की सगळ्यांवर चालेल’

ठेवता येते, पण काळी स्क्रीन नेटवर्कवरच्या पत्त्यात थेट काम करत नाही. त्या सामायिक फोल्डरला प्रत्येक संगणकावर एक ड्राइव्ह अक्षर द्यावे लागते. तेवढे केले की भागते.

‘इंटरनेट आहे, तरी उतरत नाही, म्हणजे साइट बंद आहे’

आधी कोपऱ्यातली तारीख पाहा. जुन्या मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा बटणासारखा सेल संपला की वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे संगणकाला खोटी वाटतात आणि तो जोडणी नाकारतो. सेल बदलून तारीख दुरुस्त केली की प्रश्न सुटतो. तारीख बरोबर असूनही अडत असेल, तर यंत्रातली मूळ प्रमाणपत्रे जुनी झाली असतील. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेची प्रमाणपत्रे ज्याच्या आधाराने जुनी यंत्रे मानत, ते मूळ प्रमाणपत्र ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपले. अपडेट न झालेल्या कितीतरी यंत्रांची वाट त्या दिवशी अडली. अशा वेळी फाइली दुसरीकडे उतरवून आणणे सोपे.

‘हे काहीही वाचते’

नाही, आणि हे आधीच सांगितलेले बरे. पीडीएफ ते थेट घेत नाही, पाने चित्रांच्या रूपात द्यावी लागतात. हस्ताक्षर त्याला जमत नाही. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे इथल्या जुन्या दप्तरात हाताने लिहिलेले उर्दू आणि मोडी कागद आहेत. ते वाचायला जाणकार माणूसच हवा. आपल्या भागात बोलल्या जाणाऱ्या गोंडी आणि कोलामी भाषांसाठी टेसरॅक्टच्या अधिकृत संचात वेगळी फाइल नाही. देवनागरीत छापलेल्या गोंडी मजकुरासाठी ‘देवनागरी’ या लिपीची फाइल वापरून पाहता येते, पण नंतर ती भाषा जाणणाऱ्याने ओळ न ओळ तपासायलाच हवी.

आता सुरक्षेचे. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० नंतर मोफत सुरक्षा अपडेट देणे थांबवले. म्हणून असा संगणक या कामापुरता इंटरनेटपासून तोडून ठेवावा, किंवा त्यावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली बसवावी. ३२ बिटच्या यंत्रावर ती अजून बसवता येते आणि तिच्यात टेसरॅक्ट व मराठीची फाइल तयारच मिळते. पुढच्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटच्या यंत्रांची सोय राहिलेली नाही.

आणि मदत मागताना नुसते ‘चालत नाही’ म्हणू नका. स्क्रीनवरचा संदेश पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत दिसेल असा फोटो पाठवा आणि सोबत विंडोजची आवृत्ती, ३२ की ६४ बिट आणि संगणकावरची तारीख कळवा.