काळी, पांढरी आणि मुरूम

1 ऑगस्ट 2023. इंदापूर तालुक्यातल्या म्हसोबाचीवाडीत एका मोठ्या विहिरीला काँक्रीटची रिंग बांधायचं काम चालू होतं. विहीर शंभर फुटांहून खोल. बाजूची माती आणि मुरूम रिंगेसकट खाली आला आणि चार मजूर त्याखाली गाडले गेले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आलं, पोकलेन लागले, तरी चौघांचे मृतदेह हाती यायला काही दिवस गेले. बातम्यांनी याला दुर्घटना म्हटलं. भूशास्त्राच्या नजरेनं पाहिलं तर ही दरडच होती. फक्त तिचा उतार डोंगराचा नव्हता, माणसानं जमिनीत उभा कापलेला होता.

बारामती आणि इंदापूरला जमिनीकडून धोका किती, असं कुणी विचारलं की आपण आधी भूकंपाचा नकाशा काढतो. 2002 पासून वापरात आलेल्या नकाशात पुणे जिल्हा तिसऱ्या विभागात, म्हणजे मध्यम धोक्यात. दरडींचं म्हणाल तर याच जिल्ह्यातलं माळीण 30 जुलै 2014 रोजी दीडशेवर माणसांसकट चिखलाखाली गेलं. पण माळीण आंबेगावच्या डोंगरकुशीत, धो धो पावसात. बारामती-इंदापूर म्हणजे सपाट माळ आणि वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस. जिल्ह्याला एकच रंग देणारा नकाशा इथल्या माणसाला काय सांगणार?

असा नकाशा पुरत नाही, हे किल्लारीच्या भूकंपानं फार महागात शिकवलं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेपर्यंत तो भाग देशातल्या सर्वांत सुरक्षित पट्ट्यात गणला जात होता. भूकंप साधारण 6.2 तीव्रतेचा, जगाच्या मानानं मध्यमच. तरी सुमारे दहा हजार माणसं गेली, कारण ती चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचा भार घेतलेल्या धाब्यांखाली झोपलेली होती. तोच हादरा रिकाम्या माळाला बसला असता तर शास्त्रज्ञांच्या वहीपलीकडे त्याची नोंद झाली नसती. म्हणून जोखीम मोजताना तीन गोष्टींचा गुणाकार करतात. जमीन काय करू शकते, तिच्या वाटेत कोण आहे, आणि जो वाटेत आहे तो किती सोसू शकतो. भूकंपाचा नकाशा यातलं पहिलंच सांगतो, तेही ढोबळ.

आपल्या गावांनी मात्र एक नकाशा फार पूर्वीच आखून ठेवला होता. शेतीची ती काळी, वस्तीची ती पांढरी. काळीत पेरायचं, पांढरीत राहायचं. यात सोय होती, रीत होती आणि थोडं भूशास्त्रही होतं. काळी माती ज्या बसाल्टाच्या झिजेतून झाली, तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तिच्यातली चिकणमाती पत्त्यांच्या कॅटसारखी थरांची असते. थरांमध्ये पाणी शिरलं की ती फुगते, सुकली की आकसते. उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढी भेग पडते ती याचमुळे. वर ज्वारी असेल तर बिघडत नाही. वर एकमजली घर असेल तर दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते, गवंडी ती लिंपतो आणि पुढच्या मे महिन्यात ती परत येते. अशा घराचा भार हलका असतो, फुगणारी माती त्याला सहज उचलते. पांढरीही अगदी बिनघोर नव्हे. पांढऱ्या मातीच्या गढ्यांचे बुरूज पावसात कसे ओघळतात ते इंदापूरकरांना सांगायला नको. पण आता गाव पांढरीत मावत नाही. प्लॉटिंग सरळ काळीत गेलं आहे.

ही माती किती खोडकर आहे ते ओळखायची परीक्षा शाळेतल्या प्रयोगाइतकी सोपी आहे. बारीक चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन मोजनळ्यांत घ्यायची. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेल थरांमध्ये शिरत नाही, त्यामुळे त्यातली माती फुगत नाही. चोवीस तासांनी दोन्हींची उंची ताडून पाहायची. पाण्यातली माती निम्म्याहून जास्त वाढलेली दिसली तर पायाचा नीट विचार करायचा. काळी काढून मुरूम भरायचा, नाहीतर पाया खाली पक्क्या थरापर्यंत न्यायचा. लाखो रुपयांच्या घरासाठी एवढंही करून पाहणारा मला क्वचितच भेटतो. वास्तुशांत मात्र चुकत नाही.

काळीखाली मुरूम, मग मांजऱ्या, मधूनच तांबड्या गेरूचा पट्टा, मग कातळ. पण हे थर प्रत्येक शिवारात वेगळ्या जाडीचे. एका बांधावर दहा फुटांत कातळ लागतो, पलीकडे चाळीस फूट मुरूमच. कोरडा मुरूम उभा कापला तरी थांबतो, त्यामुळे तो भरवशाचा वाटतो. पावसाचं पाणी मुरलं की त्याचं वजन वाढतं, कणांमधला दाब वाढतो आणि पकड सुटते. लहान गोल विहिरीत माती कमानीसारखी स्वतःला आवळून धरते. घेर वाढत गेला की कमान सपाट होते आणि तो आधार जातो. शेततळ्याएवढ्या रुंद विहिरी आता सर्रास दिसतात. आजोबांच्या विहिरीचा अनुभव त्यांना पुरत नाही.

पाण्याचीही हीच गत. नीरा डावा कालवा 1885 पासूनचा. त्यानं ऊस आणला, कारखाने आणले, आणि निचरा नसलेल्या खोलगट काळीत मीठही वर आणलं. चोपण झालेलं रान हेही जमिनीचंच संकट, फक्त वर्षानुवर्षं हळूहळू येणारं, म्हणून त्याचा पंचनामा होत नाही. कालवा उताराला धरून गावांच्या वरच्या अंगानं जातो, त्यामुळे त्याचा भराव फुटला की पाणी वस्तीकडेच धावतं. मे 2025 च्या अखेरीस अवकाळी पावसात बारामतीच्या पिंपळीजवळ हेच झालं. त्याआधी सप्टेंबर 2019 मध्ये, वर्षातला बराच काळ कोरडी असणारी कऱ्हा एका रात्रीत बारामतीत शिरली होती आणि हजारो लोकांना हलवावं लागलं होतं. कोरड्या नदीची लोकांना भीती उरत नाही, त्यामुळे तिच्या पात्रात घरं येतात. सारखी वाहणारी नदी त्या मानानं बरी.

याच कऱ्हेच्या काठी, मोरगावजवळ, गाळाच्या थरांत ज्वालामुखीची राख सापडते. ती सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची, हजारो किलोमीटरांवरून आलेली. ती सुमारे 75 हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाची की कितीतरी जुन्या, यावर संशोधकांत वाद आहे. पण म्हणून बारामतीच्या जोखमीच्या यादीत टोबा घालण्यात अर्थ नाही. यादीत चाळीस फूट मुरूम आधी यायला हवा.

अशी यादी करायला लागणारं बरंचसं साहित्य तयार आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षभर ठरावीक काळानं मोजते. जनगणनेत भिंत कशाची, छप्पर कशाचं याची मोजणी असते. उताराचे नकाशे उपग्रह देतात. हे थर एकावर एक ठेवायचे आणि कुठल्याला किती वजन द्यायचं ते ठरवायचं. घोळ इथेच होतो. पुण्यातल्या संगणकावर बसलेला माणूस भूकंपाला जास्त गुण देईल. विहिरी खोदणाऱ्याला विचारलं तर तो मुरमाला देईल, आणि मुरूम कुठे किती खोल आहे हे आज त्यालाच ठाऊक असतं. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद असते. ती किती फूट मुरमात आणि किती फूट कातळात, याला मात्र रकाना नाही.