टेकडीच्या पोटातली बिऱ्हाडं

कूबर पेडीत पाळणा हलला आणि घर अपुरं पडू लागलं, की गवंड्याऐवजी बोगदा खोदणाऱ्या यंत्रवाल्याला बोलावतात. तो टेकडीच्या पोटात आणखी एक खोली कोरून देतो. विटा नाहीत, गिलावा नाही. वालुकाश्माची धूळ झडू नये म्हणून भिंतींना पारदर्शक लेप द्यायचा आणि हवेसाठी एक नळी छतातून वर काढायची. खोदताना ओपल हा मौल्यवान दगड हाती लागलाच, तर खर्च वसूल. गावाच्या हद्दीत खाणकामाला बंदी आहे, घर वाढवायला नाही. त्यामुळे इथल्या काही कुटुंबांना कायम एक खोली कमीच पडते, अशी थट्टा गावात चालते.

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातलं हे गाव ॲडलेडपासून उत्तरेला सुमारे ८५० किलोमीटरवर आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि वर्षाचा पाऊस जेमतेम १५० मिलिमीटर. जमिनीखालच्या घरात मात्र बाराही महिने २३ ते २५ अंश. दीड-दोन हजारांच्या वस्तीतले निम्म्याच्या आसपास लोक अशा घरांत राहतात. या घरांना ते ‘डगआउट’ म्हणतात. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सहसा दर्शनी बाजूला असतं, कारण सांडपाणी बाहेर काढणं तिथून सोपं. झोपायच्या खोल्या आत, जिथे भरदुपारी दिवा मालवला की डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही. तान्ह्या पोरांच्या आयांना याहून मोठं सुख कुठलं!

गावाची सुरुवातही एका पोरापासूनच झाली. १९१५ च्या फेब्रुवारीत जिम हचिसन आणि त्याचे साथीदार सोनं शोधत या भागात आले होते. सोनं मिळेना, पाणी संपत आलेलं. जिमचा चौदा वर्षांचा मुलगा विली छावणीतून एकटाच बाहेर पडला आणि परतला तो ओपल घेऊन. आपल्याकडे शुक्रासाठी ज्योतिषी ज्याची अंगठी घालायला सांगतात, तोच हा दगड. विलीने त्याच फेरीत पाणीही शोधलं होतं, आणि त्या घटकेला मोलाचं तेच होतं. १९२० च्या दशकात सरकारने मोठी भूमिगत टाकी बांधली, तरी पाणी बराच काळ मापून मिळे. आज ते दूरच्या बोअरमधून उपसून, क्षार काढून घरोघर येतं.

पहिल्या महायुद्धातून परतलेले सैनिक इथे आले. खंदकांत दिवस काढलेल्या त्या माणसांनी टेकडीत राहायला जागा खोदून घेतल्या, आणि डगआउटची रीत पडली. खंडाच्या आरपार जाणाऱ्या रेल्वेचं काम १९१७ मध्ये संपलं, तेव्हा तिथले मोकळे झालेले मजूरही आले. या गावाच्या गोष्टी दाढीवाल्या, विक्षिप्त पुरुषांच्याच सांगितल्या जातात. हे अर्धवट चित्र आहे. मिनी बेरिंग्टन ही इंग्लंडहून आलेली तरुणी विसाच्या दशकातच इथे हातात कुदळ घेऊन उतरली होती. पुढे तिने आपल्या ओपलच्या दिवसांवर पुस्तकही लिहिलं. तिसाच्या दशकातल्या मंदीत ओपलचे भाव कोसळले आणि गाव ओस पडू लागलं. ते पुन्हा सावरलं १९४६ मध्ये, टॉटी ब्रायंट या आदिवासी बाईला ‘एट माइल’ भागात मोठा, किमती ओपल सापडल्यावर. त्याच भागात १९५६ मध्ये सुमारे १७ हजार कॅरटचा दगड निघाला. मेलबर्नच्या ऑलिम्पिकचं ते वर्ष, म्हणून त्याचं नाव ‘ऑलिम्पिक ऑस्ट्रेलिस’.

साठच्या दशकात फे नेलर या बाईने दोन मैत्रिणींसह कुदळ-फावड्याने सुमारे दहा वर्षं खपून तीन बेडरूमचं घर खोदलं, आतल्या पोहण्याच्या तलावासकट. ते आजही पाहता येतं.

त्याच काळात ग्रीक, सर्ब, क्रोएशियन, इटालियन अशी युरोपातली कुटुंबं इथे येऊन थडकली. त्यांना हे गाव मानवलं याचं कारण इथल्या नियमांत आहे. खाणपट्टा लहान, पन्नास मीटर लांब-रुंद किंवा त्याच्या दुप्पट. ओपल कुठे असेल याचा अंदाजही बांधता येत नाही. अशा जुगारात बड्या कंपन्यांना रस नव्हता. दोघे भाऊ, बापलेक, नवरा-बायको मात्र उतरू शकत होते. पुढे ड्रिल आणि ‘ब्लोअर’ आले. ब्लोअर म्हणजे ट्रकवर बसवलेलं, खाणीतला राडारोडा नळीने वर ओढणारं यंत्र. ते इथल्याच खाणकामगारांच्या डोक्यातून निघालं. त्याने टाकलेल्या मातीच्या ढिगाऱ्यांतून सुटलेले तुकडे वेचण्याला ‘नूडलिंग’ म्हणतात, आणि त्यात बायकापोरं, आदिवासी कुटुंबं यांचा हात मोठा.

आपापली संस्कृतीही या लोकांनी सोबत आणली. सर्बियन ऑर्थोडॉक्स मंडळींनी १९९३ मध्ये जमिनीखाली चर्च खोदलं. त्याआधी, १९६५ मध्ये, गाडीत बसून बघायचं सिनेमागृह आलं होतं. तिथे पडद्यावर सूचना दाखवत: कृपया स्फोटकं आत आणू नयेत. पुरुषांच्या गाड्यांत सुरुंगाची दारू असायचीच, तेव्हा सूचना गमतीची नव्हती.

ज्यांची ही जमीन मुळात होती, ते अंतकिरिंज्या आणि इतर आदिवासी या साऱ्या कथेत फार काळ कडेलाच ठेवले गेले. त्यांच्यातल्या ज्येष्ठ स्त्रियांनी मात्र १९९८ पासून सहा वर्षं लढून या प्रदेशात येऊ घातलेलं अणुकचऱ्याचं कोठार रद्द करायला लावलं. त्यांतल्या दोघींना, आयलीन कंपाकुटा ब्राउन आणि आयलीन वानी विंगफील्ड यांना, २००३ मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. ओपलच्या झगमगाटात ही गोष्ट झाकली जाते, हे बरं नाही.

आता खाणीत उतरणारे कमी झाले आहेत आणि पर्यटकांवर बऱ्याच घरांच्या चुली चालतात. कधी जाणं झालंच, तर गावाबाहेर पाट्या वाचत चाला. तिथे सोडून दिलेल्या खोल खड्ड्यांची तोंडं उघडीच आहेत, म्हणून फोटो काढताना एक पाऊलही मागे टाकू नका.