डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांना पोहायला शिकवताना

डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाला पोहायला घालावं का, हा प्रश्न पालक भीतभीतच विचारतात. तलावावर कित्येकदा उत्तर मिळतं, ‘जबाबदारी कोण घेणार?’ तर आज जबाबदारी म्हणजे नेमकं काय, ते बघू.

या मुलांच्या पेशींत 21व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते. त्यामुळे स्नायू सैल असतात, सांध्यांचे बंधही ढिले. जमिनीवर तोल सांभाळतानाच मूल दमतं. पाण्यात शरीराचं बरंचसं वजन पाणी पेलतं आणि हात-पाय हलवताना पाण्याचा विरोध होतो, म्हणून स्नायूंना व्यायामही घडतो.

पण हाच ढिलेपणा मानेत असू शकतो. मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा काही मुलांत अस्थिर असतो आणि मज्जारज्जूवर दाब येण्याचा धोका असतो. म्हणून डॉक्टरांनी मान तपासून परवानगी दिल्याशिवाय डोक्यावर सूर मारणं नको, पाण्यात कोलांटी नको, बटरफ्लायही नको. आणि आधीचा एक्स-रे चांगला होता म्हणून निर्धास्त राहायचं नाही. मान दुखणं, मान वाकडी धरणं, चाल बदलणं, हातातली ताकद कमी होणं, लघवीवरचा ताबा सुटणं, यातलं काहीही दिसलं की पोहणं थांबवून लगेच डॉक्टरांकडे जायचं. जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयदोष असतो, कानाचे त्रासही बरेच. तेव्हा हृदयाच्या आणि कानाच्या डॉक्टरांनाही आधी विचारून घ्या.

आता शिकवायचं कसं? ‘हात लांब कर, तळवा वळव, मान बाजूला घे, श्वास घे’ असं एका दमात सांगितलं तर त्यातलं फारसं काही लक्षात राहत नाही. ही मुलं ऐकण्यापेक्षा बघून चांगलं शिकतात. शिवाय श्रवणयंत्र असेल तर ते पाण्यात काढून ठेवावं लागतं. म्हणून एका वेळी एकच गोष्ट करून दाखवा. शब्द तेच, क्रम तोच. दाखवून झालं की थांबा, त्याला वेळ द्या. घाईने दुसरी सूचना दिली की पहिलीही जाते.

आपल्याकडे पाठीला डबा बांधून विहिरीत ढकलायची जुनी पद्धत आहे. इथे ती अजिबात नको. 1949मध्ये लंडनच्या हॅलिविक शाळेतल्या अपंग मुलींना शिकवताना जेम्स मॅकमिलन यांनी वेगळी वाट धरली. प्रत्येक मुलीबरोबर पाण्यात एक माणूस, आणि तरंगायला फुगे-डबे काही नाहीत. आधी पाण्याशी ओळख, पाण्यात श्वास सोडणं, उताणं होऊन तरंगणं, आणि हात मारणं सगळ्यात शेवटी. मूल पाण्यात पडलं तर उताणं होऊन तरंगता येणं आणि काठ धरता येणं, हेच त्याला वाचवतं. तरीही शिकवणारा हाताच्या अंतरावरच हवा. धोका ओळखायला या मुलांना वेळ लागतो.

2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं 30वं कलम सांगतं, की दिव्यांगांना खेळात भाग घेता यावा यासाठी सरकारने उपाय करायचे आहेत. तेव्हा तलावावर जाताना डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जा आणि विचारा, ‘पाण्यात याच्याबरोबर कोण उतरणार?’ बोलणं तिथून सुरू करा.