शहा ते बार्सिलोना: दत्तकांच्या शोधकथा

दत्तक गेलेल्या माणसाने आपले जन्मघर शोधावे आणि तो शोध स्वतः लिहून काढावा, हा प्रकार महाराष्ट्राच्या संदर्भात जेमतेम दोन दशकांचा आहे. जुन्या काळी उघडपणे दत्तक गेलेल्यांना शोधण्यासारखे काही नव्हते. आजच्या रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या वेणगावात १८२४ साली जन्मलेले धोंडोपंत १८२७ मध्ये दुसऱ्या बाजीरावांच्या मांडीवर दिले गेले आणि नानासाहेब पेशवे झाले. त्यांचे जनक आईवडील सर्वांना ठाऊक होते. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा गोपाळ १८७५ मध्ये बडोद्याला जाऊन सयाजीराव झाला, तोही भाऊबंदांच्या देखत. म्हसळा-श्रीवर्धन पट्ट्यातील जुनी दत्तकविधानेही याच वळणाची होती. भावकीतला मुलगा घ्यायचा, होम करायचा, वंश आणि वाडी दोन्ही राखायची.

ज्या मुलाचा जन्मच लपवला जाई, त्याची कहाणी वेगळी. तिची सुरुवात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात काढलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहापासून होते. तेथे आलेल्या काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. १८८७ च्या मृत्युपत्रात जोतीरावांनी त्यालाच वारस केले. यशवंत डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये त्याच्याच दवाखान्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंना मृत्यू आला. यशवंताचे मूळ फुले दांपत्याने दडवून ठेवले नाही. पुढच्या शतकात दत्तक देणाऱ्या-घेणाऱ्यांनी हा मोकळेपणा घालवला, आणि पुढच्या सगळ्या शोधकथा त्या हानीतून जन्मल्या आहेत. पंढरपुरात प्रार्थना समाजाच्या लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये बालकाश्रम निघाला. अशा संस्थांच्या इतिहासात संस्थापक आणि देणगीदार ठळक दिसतात. तेथे वाढलेल्या मुलांचा आवाज मात्र ऐकू येत नाही.

कायद्याचा पल्ला रुक्ष आहे, तो थोडक्यात उरकता येतो. १९५६ चा दत्तक कायदा हिंदूंपुरता होता. परदेशी जोडपी १८९० च्या पालकत्व कायद्याखाली न्यायालयातून पालक म्हणून नेमली जात, मूल घेऊन जात आणि आपल्या देशात दत्तक घेत. लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये या व्यवहाराला पहिली शिस्त लावली. १९९० मध्ये केंद्रीय दत्तक यंत्रणा ‘कारा’ उभी राहिली आणि २००३ मध्ये भारताने आंतरदेशीय दत्तकाविषयीचा हेग करार स्वीकारला.

ही शिस्त येण्याच्या दहा वर्षे आधी, १९७४ मध्ये, सात वर्षांची होत आलेली एक मुलगी मुंबईहून बार्सिलोनाला गेली. तिचे नाव आशा. पुढे ती आशा मिरो या नावाने कॅटलान भाषेतील लेखिका झाली. तिचा जन्म १९६७ चा, सिन्नर तालुक्यातील शहा या गावचा. हा तालुक्याचा पूर्वेकडचा, पावसाने पाठ फिरवलेला कोरडवाहू पट्टा. आई लवकर गेली. तान्ह्या मुलीला वाढवणे वडिलांना झेपले नाही. नाशिकच्या जोगिणींकडे आणि तेथून मुंबईच्या रेजिना पासिस कॉन्व्हेंटमध्ये तिचे बालपण गेले. आपल्यालाही आईवडील हवेत, असा हट्ट तिने तेथल्या जोगिणींकडे धरला होता. हा तपशील फार महत्त्वाचा आहे, कारण येथे मूल कोणी उचलून नेले नाही, मुलाने स्वतः घर मागितले. पुढे ज्या बाईने शोध घेतला तीच ही मुलगी होती, आणि या दोन गोष्टींत तिला कधी विसंगती वाटली नाही.

बार्सिलोनात ती संगीताची शिक्षिका झाली. मराठी पार विसरली. १९९५ मध्ये स्वयंसेवकांच्या एका गटाबरोबर ती मुंबईला आली, जुन्या कॉन्व्हेंटमध्ये गेली, नाशिकला गेली. त्या प्रवासाचे पुस्तक २००३ मध्ये ‘ला फिया देल गान्जेस’, म्हणजे ‘गंगेची लेक’, या नावाने आले. नाशिकची मुलगी गंगेची कशी, असा आक्षेप काही अभ्यासू मंडळींनी घेतला आहे. गोदाघाटावर सकाळी उभे राहिले तर त्याचे उत्तर मिळते. तेथे गोदावरीला गंगाच म्हणतात. या पुस्तकाची खरी शान त्याच्या बांधणीत आहे. लेखिकेच्या निवेदनाच्या मध्ये मध्ये दत्तक आईच्या डायरीतील नोंदी येतात. मुलगी घरी आल्यापासून त्या माउलीने सगळे टिपून ठेवले होते. मुलीला जे आठवत नाही ते आईच्या वहीत आहे आणि आईला जे ठाऊक नाही ते शोधायला मुलगी निघाली आहे. दोन हातांनी लिहिलेले असे आत्मकथन दुर्मीळ आहे.

२००३ मध्येच ती चित्रपथकासह पुन्हा आली. या खेपेस शोध कॉन्व्हेंटच्या दारापाशी थांबला नाही, गावापर्यंत गेला. तेथे जुनी माणसे भेटली, घराण्याची माहिती मिळाली आणि रक्ताची बहीण सापडली. त्या बहिणीचे नावही आशाच. एक बार्सिलोनात वाढलेली, दुसरी नाशिक-नगरच्या शिवारात संसार केलेली; दोघींमध्ये बोलायला दुभाषा लागला. ‘चंद्राच्या दोन बाजू’ अशा अर्थाच्या नावाने २००४ मध्ये दुसरे पुस्तक आले. त्याने पहिल्या पुस्तकातील कहाणी अनेक ठिकाणी दुरुस्त केली. संस्थेत सांगितली गेलेली हकिकत आणि गावाने जपलेली हकिकत यांत अंतर निघाले. २००६ च्या इंग्रजी आवृत्तीत दोन्ही भाग एकाच पुठ्ठ्यात छापले गेले आणि पहिल्या भागातील चुकीची माहिती पुसली गेली नाही. आधी काय सांगितले गेले आणि नंतर काय कळले, हे दोन्ही वाचकासमोर उघडे राहिले. आत्मचरित्र लिहिणाऱ्या प्रत्येकाने शिकावे असे हे धैर्य आहे. अॅना सोलेर-पोंत हिच्यासह आशाने २००७ मध्ये लिहिलेल्या कादंबरीवर मारिया रिपोल यांनी २०१४ मध्ये चित्रपट काढला. त्यात नंदिता दास यांची भूमिका आहे. कादंबरीत ताटातुटीची हळवी बाजू वर आली आणि शिवार मागे पडले. मोल आहे ते दोन आत्मकथनांचे.

शोध घेणे ही वाढवणाऱ्यांशी कृतघ्नता, असे म्हणणारा एक पंथ अजूनही बोलका आहे. आशाची दत्तक आईच तिच्या पुस्तकाची अर्धी लेखिका आहे, एवढे त्यांना पुरे. ही परक्या भाषेतली पुस्तके मराठी वाङ्मयाच्या हिशेबात धरू नयेत, हा दुसरा पंथ. सिन्नरचा दुष्काळ, आईविना लेकरू, बापाची लाचारी यांहून अधिक मराठी सामग्री कोणती?

सरू ब्रायर्लीची कहाणी जगभर गाजली. १९८६ च्या सुमारास पाच वर्षांचा हा मुलगा रेल्वेत झोपी गेला आणि खंडव्याचा कलकत्त्याला पोहोचला. १९८७ मध्ये तो टास्मानियात दत्तक गेला आणि २०१२ मध्ये उपग्रहाच्या नकाशांवरून घर हुडकून परत आला. त्याचे पुस्तक २०१३ चे, चित्रपट २०१६ चा. त्या पुस्तकातला चिकाटीचा भाग अस्सल आहे. पण पाच वर्षांच्या मुलाला पाण्याची टाकी आणि पूल आठवतात, तान्ह्याला काहीच आठवत नाही. बहुतेकांसाठी वाट कागदातूनच जाते. पुण्यात १९७३ मध्ये जन्मलेल्या आणि जर्मनीत वाढलेल्या अरुण डोहले यांना आपल्याच जन्माच्या कागदांसाठी मुंबई उच्च न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. २०१० मध्ये त्यांना आई सापडली.

आता शोधकथांच्या या प्रकाराला उतरण लागली आहे. कॅमेरा आधी ठरतो, मग भेट होते. गळामिठीचे चित्रण मिळाले की गावाचे नाव सांगायचीही गरज उरत नाही. थुंकीच्या नमुन्याच्या डीएनए चाचणीवरून दूरचे चुलतभाऊ कळतात, पण आईने मूल का दिले ते कळत नाही. ते दाईला, शेजारणीला आणि मिशनच्या नोंदवहीला ठाऊक असते, आणि ही तिन्ही साधने झपाट्याने नाहीशी होत आहेत.

नियम आज पूर्वीपेक्षा स्पष्ट आहेत. मूल सोपवणाऱ्या पालकांना फेरविचारासाठी ६० दिवस मिळतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात. म्हणजे म्हसळ्याच्या कुटुंबाचे काम जिल्ह्याच्या ठिकाणी, अलिबागला होते. दत्तक गेलेल्याला १८ वर्षे पूर्ण झाली की मुळांच्या शोधासाठी स्वतः अर्ज करता येतो; त्याआधी दत्तक आईवडिलांसह. जन्मदात्यांनी नाव गुप्त ठेवायला सांगितले असेल तर त्यांची संमती लागते, आणि त्रयस्थाला हा शोध घेता येत नाही. हे दोन्ही बंध योग्य आहेत, कारण ती आईही कुठेतरी संसारात असते.

मात्र अर्ज मंजूर होऊनही कपाटात वही नसेल तर कायद्याचा उपयोग नाही. जुन्या बालकाश्रमांनी, कॉन्व्हेंटांनी आणि प्रसूतिगृहांनी आपल्या नोंदवह्या रद्दीत घालण्याआधी त्यांच्या प्रती करून जिल्हा बालसंरक्षण कक्षाकडे सोपवाव्यात, आणि दत्तक घेणाऱ्या प्रत्येक आईवडिलांनी पहिल्या दिवसापासून एक डायरी लिहावी.