रिमोटच्या गाडीची तुटलेली एरियल : काम छोटे, माप चोख हवे



सणाला किंवा मुलाच्या वाढदिवसाला रिमोटवर चालणारी गाडी आता घरोघर येते. थोड्याच दिवसांत तिची एरियलची तार दारात अडकते, तुटते आणि धडधाकट गाडी माळ्यावर जाऊन पडते. दुरुस्तीला नेली तर पुष्कळदा 'सर्किट गेले' एवढेच उत्तर मिळते. परदेशी खेळण्यांवरील आयातशुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ साली ७० टक्क्यांवर गेले. असा महाग माल हातभर तारेपायी फेकला तर गिऱ्हाइकाचे नुकसान होते. आणि येणारे काम परत पाठवले तर कारागिराचे. आमचा धंदा कापडाचा असला तरी मोबाइल व रेडिओ दुरुस्तीचे टेबल लावून बसलेल्या आपल्या तरुणांना उपयोग व्हावा, म्हणून हे काम येथे समजावून देत आहोत.

आधी दोष ओळखा

प्रथम रिमोट व गाडी, दोन्हींचे सेल तपासावेत. सेलच्या पट्ट्यांवर गंज असेल तर तो घासून काढावा. रिमोटला ओढून लांब करायची दांडी असेल तर तिचा स्क्रू ढिला नाही ना, हे पाहावे. मग गाडी रिमोटच्या अगदी जवळ ठेवून चालवावी. जवळ चालते पण चार पावलांवर थांबते, असे असेल तर दोष बहुधा एरियलचाच. जवळही हलत नसेल तर दोष दुसरीकडे शोधावा.

तारेचे माप का पाळायचे?

जुन्या पद्धतीच्या गाड्या २७ किंवा ४९ मेगाहर्ट्झवर चालतात. लहरीची लांबी काढण्याची रीत सोपी आहे. ३०० या आकड्याला मेगाहर्ट्झने भागले की मीटर मिळतात. २७ ला लहर सुमारे ११ मीटरची येते. एरियलला तिचा पाव हिस्सा, म्हणजे पावणेतीन मीटर तार हवी. एवढी तार खेळण्यावर लावणार कुठे? म्हणून कारखानदार आखूड तार लावतो आणि कमी पडलेली कसर सर्किटवरील कॉइलने भरून काढतो. तार आणि कॉइल यांची अशी जोडी जमवलेली असते. तार कापून आखूड केली किंवा गुंडाळून ठेवली, तर ही जोडी बिघडते आणि गाडीचा पल्ला घटतो.

जोड कसा द्यावा?

ताण्याचा धागा तुटला तर विणकर गाठ मारतो आणि माग पुन्हा सुरू होतो. तारेला नुसती गाठ चालत नाही. पीळ देऊन वर चिकटपट्टी लावली तर काही दिवस काम भागते, पण पुढे तांबे काळे पडते, जोड ढिला होतो आणि गिऱ्हाईक परत येते.

सेल काढून ठेवावेत. दोन्ही टोकांचे आवरण बोटाच्या एका पेराइतके सोलावे, आतले बारीक तंतू तुटू देऊ नयेत. एका टोकात स्लीव्ह आधीच ओवून ठेवावी. तंतू एकमेकांत गुंफून पीळ द्यावा, २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने जोड तापवावा आणि राळ असलेले सोल्डर त्यात मुरू द्यावे. तेजाबी पेस्ट वापरू नये, ती पुढे तार खाते. मग स्लीव्ह जोडावर सरकवून गरम करावी. तुकडा हरवला असेल तर तेवढीच नवी तार जोडावी. मूळ माप माहीत नसेल तर तशाच दुसऱ्या गाडीची तार मोजावी. तीही नसेल तर थोडी लांब तार लावावी आणि पल्ला तपासत ती बोट-बोट कमी करावी.

तार सर्किटपासूनच उपटली असेल तर तिची जागा शोधावी. पुष्कळदा तेथे 'एएनटी' अशी इंग्रजी अक्षरे असतात. जुने सोल्डर साफ करून, तारेच्या टोकाला आधी सोल्डर चढवून, दोन-तीन सेकंदांत टाका द्यावा. जास्त वेळ तापवले तर तांब्याची टिकली उखडते. शेजारी गरम गोंदाचा एक थेंब टाकावा, म्हणजे ओढ टाक्यावर येत नाही.

नव्या गाड्यांचे तंत्र वेगळे

नव्या गाड्या बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. त्यांची लहर साडेबारा सेंटीमीटरची असल्याने पाव हिस्सा केवळ ३१ मिलिमीटर होतो. चांगल्या गाड्यांत जाळीची बारीक केबल असते. तिच्या टोकाला जाळीबाहेर आलेली ३१ मिलिमीटरची शेपटी हीच खरी एरियल. शेपटी तुटली तर वरचे आवरण व जाळी तेवढीच काढून नवी शेपटी मोकळी करावी. आतल्या तारेचे आवरण मात्र सोलू नये. जाळीचा एकही तंतू आतल्या तारेला लागता कामा नये. केबल मधेच तुटली असेल तर साध्या तारेसारखा जोड न देता पूर्ण केबल बदलावी. स्वस्त गाडीत साधी तार असेल तर मूळ तारेइतकीच नवी लावावी.

गाडी परत देण्यापूर्वी

तार प्लास्टिकच्या नळीतून उभी न्यावी, धातूच्या नळीतून नव्हे. मोटर व बॅटरीच्या तारांपासून ती दूर ठेवावी. मोकळ्या जागेत गिऱ्हाइकासमोर गाडी चालवून पल्ला पावलांनी मोजून दाखवावा. सोल्डरमध्ये शिसे असते, म्हणून काम झाल्यावर हात धुवावेत व मुलांना टेबलापासून लांब ठेवावे.

मजुरी कष्टाची घ्यावी, पण दोष तारेचा असताना सर्किटचे पैसे लावू नयेत. गजात बोटभर कमी मोजणाऱ्या दुकानदाराकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. तारेच्या कामातही तोच हिशेब आहे.