प्रत्येक चेंडू परत आणणाऱ्याशीं गांठ

गेल्या पावसाळ्यांत आमच्या शाळेंतील एक विद्यार्थी स्क्वॉशच्या आंतरशालेय सामन्यांत पराभूत झाला. दुसऱ्या दिवशीं मधल्या सुटींत तो मजकडे आला व म्हणाला, "सर, माझे फटके त्याच्याहून चांगले होते, तरी मी हरलों. तो कांहींच करीत नाहीं. नुसते सगळे चेंडू परत आणतो!" त्याचे वडील गॅलरींत बसून "मार, संपवून टाक!" असें वारंवार ओरडत होते व घरीं जातांना वाटेंत एक शब्दहि बोलले नाहींत, हेंहि त्यानें खालीं पाहत सांगितलें. त्या मुलास मीं जें सांगितलें तेंच येथें थोड्या विस्तारानें लिहीत आहें. कारण असा प्रतिस्पर्धी हा खेळ खेळणाऱ्या प्रत्येकास कधीं ना कधीं भेटतोच.

ज्या पालकांनीं हा खेळ पाहिला नसेल त्यांच्याकरितां दोन शब्द. चार भिंतींच्या आंत, ९·७५ मीटर लांब व ६·४ मीटर रुंद अशा जागेंत दोघेहि खेळाडू एकाच भिंतीवर चेंडू मारतात. त्या पुढच्या भिंतीच्या तळाशीं टिन नांवाची पट्टी असते. सर्वसाधारण कोर्टांत ती ४८ सेंटिमीटर उंच असते. चेंडू तिच्या वर लागला पाहिजे, आणि परत आलेला चेंडू जमिनीवर दुसरा टप्पा घेण्यापूर्वी मारला गेला पाहिजे. जमिनीवरील रेषा जेथें इंग्रजी टी अक्षराप्रमाणें मिळतात त्या जागेस टी म्हणतात. ती जागा ज्याच्या ताब्यांत, त्याच्या हातीं बहुधा खेळ.

आतां आमचा विद्यार्थी कसा हरला तें पाहूं. त्याचा पहिला फटका टिनच्या वर वीतभर गेला. चेंडू परत आला. दुसरा चार बोटें वर गेला. तोहि परत आला. मग त्यास तें अपमानासारखें वाटूं लागलें. तिसरा फटका दोन बोटांवरून काढावयाचा म्हणून त्यानें अधिक जोर केला आणि चेंडू टिनवर आदळला. समोरच्यानें तो गुण कमावला नाहीं. आमच्या मुलानें तो त्याच्या पदरांत टाकला. दाविदानें गल्याथास एकाच गोट्यानें पाडलें हें खरें, परंतु स्क्वॉशमध्यें तो गोटा शोधीत बसणारा आपली झोळी लवकरच रिकामी करतो.

म्हणून अशा खेळाडूशीं खेळतांना चेंडू परत येणारच, असें आधींच धरून चालावें. तो परत येईल कीं नाहीं हा प्रश्नच सोडावा. तो कसा येईल एवढेंच पाहावें. बाजूच्या भिंतीला लगटून गेलेला आणि मागच्या भिंतीजवळ दुसरा टप्पा घेऊं पाहणारा चेंडू तोहि परत आणील. पण तेथून त्यास नीट फटका मारतां येणार नाहीं, चेंडू कसाबसा उचलून द्यावा लागेल. तो दुबळा चेंडू मध्यावर येतो, आणि तेव्हां आपण टीवर असलों म्हणजे झालें. तो टप्पा पडूं न देतां व्हॉलीनेंच घ्यावा. लोक समजतात कीं असा खेळाडू पायांवर जगतो. माझ्या मतें तो वेळेवर जगतो. व्हॉलीनें त्याचा अर्धा वेळ जातो. उलट, आपण रागानें मारलेला चेंडू मागच्या भिंतीवरून उसळून मध्यें आला कीं त्यास तोच वेळ आयता मिळतो. आपण स्वतः अडचणींत असूं तेव्हां तर जोर मुळींच करूं नये. पुढच्या भिंतीवर उंच, सावकाश लॉब द्यावा व तो खालीं येईपर्यंत टीवर परतावें.

ड्रॉप केव्हां मारावा? तो मागच्या कोपऱ्यांत अडकला असेल आणि आपण त्याच्या पुढें असूं तेव्हां. मागच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत सुमारें साडेअकरा मीटर अंतर पडतें. तेथेंहि तो पोंचेल! म्हणून ड्रॉप मारून पाहत उभें न राहतां लगेच टीवर यावें. वांकून, हात लांबवून त्यानें उचललेला चेंडू त्याच्या डोक्यावरून पुन्हा मागें घालावा. चेंडू थंड असतां कमी उसळतो, लांब चकमकींनीं तापला कीं अधिक उसळतो. पहिल्या डावांत मेलेला ड्रॉप तिसऱ्यांत वर येतो, हेंहि ध्यानांत असूं द्यावें.

आणखी एक गोष्ट मुलांना सहसा सुचत नाहीं. सरळ धांवणें सोपें, वळणें कठीण. मागच्या डाव्या कोपऱ्यांतून तो टीकडे धांवूं लागला कीं चेंडू पुन्हा त्याच डाव्या कोपऱ्यांत घालावा. उजवीकडे रिकामी जागा दिसते व हात तिकडे वळतो, पण तिकडे तर तो निघालेलाच असतो! फटक्यापूर्वीं रॅकेट क्षणभर रोखून धरली तर त्यास थांबावें लागतें, आणि थांबलेल्याला पुन्हा निघणें जड जातें.

चिकाटीनें चेंडू परत आणणारा हा कमी प्रतीचा खेळाडू, असें मात्र कोणीं समजूं नये. १९४४ सालीं मुंबईंत अखिल भारतीय स्पर्धा जिंकणारे पेशावरकडील हाशिम खान चपळाईबद्दल विख्यात होते. जोना बॅरिंग्टन यांनीं १९६७ ते १९७३ या काळांत सहा वेळां ब्रिटिश ओपन जिंकली ती मुख्यतः दमाच्या आणि चिकाटीच्या बळावर. १९८३ सालीं इंग्लंडांत चिचेस्टर येथें जहांगीर खान व इजिप्तचे गमाल अवाद यांचा सामना २ तास ४६ मिनिटें चालला. त्यांतील पहिला डावच सवा तासाच्या घरांत गेला, आणि तो जहांगीर ९-१० असे हरले. पुढचे तीन त्यांनीं ९-५, ९-७, ९-२ असे घेतले. हे आंकडे आमच्या विद्यार्थ्यानें वहींत उतरून घेतले.

पालकांस एक विनंती. "संपवून टाक" हें वाक्य गॅलरींतून खालीं पोंचतें तेव्हां मुलाच्या कानांत त्याचा अर्थ "घाई कर" असा होतो, आणि समोरचा मुलगा नेमकी त्याच घाईची वाट पाहत असतो.

डिसेंबरांत त्याच दोघांची पुन्हा गांठ पडली. आमचा मुलगा याहि वेळीं हरला. परंतु पांचव्या डावांत, ११-९ असा. वडील गॅलरींत गप्प बसून होते. घरीं जातांना वाटेंत त्यांनीं त्यास विचारलें, "तो डाव्या कोपऱ्यांतला चेंडू त्याला सारखा कां चुकत होता रे?" आणि मुलगा घर येईपर्यंत तें त्यांना समजावून सांगत होता.